इंदूरहून ऑनलाइन विक्री: कोणता नंबर, कधी आणि कसा घ्यायचा

दिवाळीच्या फराळाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, आठ-दहा ऑर्डरी आल्या, त्यातल्या निम्म्या पुण्या-ठाण्याच्या. इंदूरच्या मराठी घरांतून ऑनलाइन धंदा बहुधा असाच सुरू होतो. मग कोणीतरी विचारतं, “जीएसटी नंबर घेतलात का?” आणि घरात चर्चासत्र भरतं. एक म्हणतो ४० लाखांपर्यंत काहीच लागत नाही. दुसरा म्हणतो ऑनलाइन म्हटलं की पहिल्या रुपयापासून लागतो. दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं उत्तरच जास्त महागात पडतं.

विक्री किती, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे: माल मध्य प्रदेशाची हद्द ओलांडणार का, आणि ओलांडणार असेल तर कोणत्या वाटेने? कपड्याचा किंवा बांगड्यांचा इंदुरी व्यापारी उज्जैन-देवास-खंडव्याच्या गिऱ्हाइकांवर आरामात धंदा करू शकतो. आपली गिऱ्हाइकं मात्र नात्यागोत्यातली, म्हणजे थेट महाराष्ट्रातली. त्यामुळे ४० लाखांची सवलत ज्यांच्या वाट्याला सगळ्यात कमी येते, त्यांत आपण पुढे आहोत.

आता क्रमाने.

पहिलं काम: धंदा कोणाच्या पॅनवर?

पुढचे सगळे नंबर पॅनला बांधलेले असतात, म्हणून हे आधी ठरवा. चकल्या आई करते, मोबाइल सून सांभाळते आणि पैसे मुलाच्या खात्यात जमा होतात, अशी व्यवस्था घरात चालते, करखात्यात नाही. ज्याचं पॅन, त्याच्याच नावाचं बँक खातं, त्याच्याच नावाने प्लॅटफॉर्मवर विक्रेत्याची नोंद, आणि उत्पन्नही त्याचंच. मुलगा नोकरीत असेल तर ही कमाई त्याच्या पगारात मिसळेल. बहुतेक घरांत जी व्यक्ती प्रत्यक्ष काम करते तिच्याच पॅनवर धंदा ठेवणं सरळ पडतं.

एकट्याच्या मालकीच्या धंद्याला वेगळं पॅन मिळत नाही, लागतही नाही. तुमचं वैयक्तिक पॅनच धंद्याचं पॅन. दोन मैत्रिणींनी भागीदारी केली तर मात्र फर्मचं पॅन वेगळं काढावं लागतं. पॅनमधलं चौथं अक्षर बघा: व्यक्तीचं असेल तर ‘पी’, फर्मचं असेल तर ‘एफ’. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं.

या पाचव्या अक्षराने अनेक बायकांना उगाच घोर लागतो. लग्नाआधी काढलेल्या पॅनमध्ये माहेरच्या आडनावाचं अक्षर असतं, आधारवर सासरचं आडनाव आलेलं असतं. नाव बदलून घेतलं तरी पॅनचा नंबर तोच राहतो, अक्षर बदलत नाही. ते चूक नाही. दुसरं पॅन काढायला मात्र जाऊ नका. एका व्यक्तीकडे दोन पॅन असल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. करायचं एवढंच, की पॅन आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग अक्षरशः एकसारखं करून घ्यायचं. नावामध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालायची आपली पद्धत. एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि पोर्टल तिथेच अडतं. जीएसटीच्या अर्जाला हात लावण्याआधी ही दुरुस्ती उरका. पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर तीही करून टाका. उशिराचं शुल्क १ हजार रुपये आहे.

पॅनच नसेल आणि आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आयकर खात्याच्या पोर्टलवर ई-पॅन विनाशुल्क मिळतं.

दुसरं काम: माल कुठे जाणार, ते कागदावर मांडा

इथे घाई करू नका. जीएसटीत मालाचे तीन रस्ते आहेत.

एक: माल फक्त मध्य प्रदेशात, आणि विक्री तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम किंवा वेबसाइटवरून. इथे वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. सुदामानगरातून भोपाळला पार्सल गेलं तरी चालेल.

दोन: माल फक्त मध्य प्रदेशात, पण विक्री मीशो-अ‍ॅमेझॉनसारख्या प्लॅटफॉर्मवरून. पूर्वी इथे पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती, आणि “ऑनलाइन म्हटलं की लागतोच” हा समज तेव्हापासूनचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली. नोंदणीऐवजी एनरोलमेंट नंबर घ्यायचा. त्याबद्दल पुढे.

तीन: माल राज्याबाहेर. प्लॅटफॉर्मवरून असो वा व्हॉट्सअ‍ॅपवरून, नोंदणी सक्तीची. इथे कसलीही किमान मर्यादा नाही. पुण्याच्या मावसबहिणीला विकलेला चिवड्याचा एक डबासुद्धा आंतरराज्य विक्रीच. भेट पाठवलात तर ती विक्री नाही, पण तिने गूगल पेवर पैसे पाठवले की झाली.

“मग ती स्वतः इंदूरला आली आणि घरून घेऊन गेली तर?” हे मला हमखास विचारलं जातं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला समोरासमोर माल दिला आणि बिलावर तिचा पत्ता लिहिला नाही, तर विक्रीची जागा इंदूरच धरली जाते. बिलावर पुण्याचा पत्ता घातलात, नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलंत तरी, ती विक्री महाराष्ट्रातली होते. म्हणून नोंदणी नसेल तर घरच्या विक्रीच्या पावतीवर हौसेने पत्ते लिहू नका.

या तिसऱ्या रस्त्याला दोन पळवाटा आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. हस्तकलेच्या वस्तू स्वतः थेट राज्याबाहेर विकणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पण सरकारने यादी दिली आहे आणि वस्तूचं नाव व एचएसएन कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) दोन्ही त्यात सापडायला हवेत. शिवाय मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद) काढावं लागतं. महेश्वरी साडी हातमागावर विणलेली आहे म्हणजे ती यादीत असणारच, असं धरून चालू नका. यादी उघडून बघा.

दुसरी पळवाट पूर्ण करमाफ मालाची. तुम्ही केवळ पापड विकत असाल तर पापडावर जीएसटी शून्य आहे, आणि केवळ करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, माल कुठेही जावो. त्यात लोणच्याची एक बरणी आली की सूट गेली, कारण लोणच्यावर ५ टक्के आहे. आणि कायद्याने नंबर मागितला नाही तरी एखादा प्लॅटफॉर्म आपल्या धोरणाप्रमाणे मागू शकतो, हे लक्षात असू द्या.

ऑनलाइन गाण्याचे किंवा गणिताचे क्लास घेणाऱ्यांनी हा भाग वाचून घाबरू नये. ती सेवा आहे. सेवेला राज्याची हद्द आड येत नाही, मर्यादा वर्षाला २० लाखांची.

एनरोलमेंट नंबर: दुसऱ्या रस्त्यावाल्यांसाठी

जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी नसलेल्यांसाठी युजर आयडी तयार करण्याची सोय आहे. तिथे कारण म्हणून ‘ई-कॉमर्स ऑपरेटरमार्फत माल पुरवणारा’ हा पर्याय निवडा. पॅन, धंद्याचा पत्ता आणि राज्य द्या, ओटीपीने पडताळणी करा. नंबर मिळेपर्यंत प्लॅटफॉर्मवर विक्री सुरू करायची नाही.

अटी सोप्या आहेत, पण कडक: एकाच राज्यातून धंदा, राज्याबाहेर विक्री नाही, एका पॅनवर एकच नंबर. रिटर्न नाहीत, आणि प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीवर जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या पैशांतून आधीच कापून घेतलेला कर) कापत नाही. पुढे रीतसर नोंदणी घेतलीत की हा नंबर आपोआप निकामी होतो. ज्याला ऑनलाइन विक्री झेपते का हे वर्षभर चाचपून पाहायचं आहे, त्याला हा रस्ता उत्तम. फक्त गिऱ्हाइकांचे पिनकोड बघा. बाहेरून मागणी येतेय आणि तुम्हाला पाठवता येत नाही, असं होऊ लागलं की पुढच्या पायरीची वेळ झाली.

जीएसटी नोंदणीचा अर्ज

सरकारी शुल्क शून्य. सल्लागार त्याच्या मेहनतीचे पैसे घेतो ते ठीक, पण ‘सरकारी फी’ म्हणून कोणी काही मागितलं तर उठून या.

अर्ज आरईजी-०१ या नमुन्यात असतो. पहिल्या भागात पॅन, मोबाइल, ईमेल आणि राज्य दिलं की टीआरएन हा तात्पुरता नंबर मिळतो. तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग भरायचा. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. सल्लागाराचा दिलात तर नोटिसा त्याच्याकडे जातील आणि तुम्हाला महिन्याभराने कळेल.

खरा घोळ होतो तो पत्त्याच्या पुराव्यात. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगरातल्या जुन्या घरांत विजेचं बिल बहुधा सासऱ्यांच्या नावाने येतं, कधी कधी दिवंगत आजोबांच्याही. घर स्वतःच्या नावाचं असेल तर मालमत्ता कराची पावती किंवा विजेचं बिल, यांपैकी एकच कागद पुरतो. घर नवऱ्याचं किंवा सासूबाईंचं असेल तर त्यांचं साध्या कागदावर संमतिपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि घराच्या मालकीचा वरच्यासारखा एक पुरावा जोडा. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचा तसाच एक पुरावा; करार नोंदणीकृत नसेल तर घरमालकाचं ओळखपत्रही. १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना बजावलं आहे, की याहून जास्तीचे कागद मागत बसू नका. कोणी आडवंतिडवं काही मागितलं तर या सूचनेचा उल्लेख नम्रपणे उत्तरात करता येतो. बिल आजोबांच्या नावाचं आहे आणि ते हयात नाहीत, तर मात्र आधी नगर निगमात किंवा वीज कंपनीत नावबदल करून घेणंच बरं. गेलेल्या माणसाचं संमतिपत्र आणणार कुठून?

पत्ता भरताना पुराव्यावर जसा छापला आहे तसाच लिहा. ‘स्कीम नं. ७८’ आणि ‘योजना क्रमांक ७८’ आपल्याला एकच वाटतं. तपासणाऱ्याला दोन वाटू शकतं. राज्याचं वृत्त (सर्कल, म्हणजे तुमचा भाग ज्या करकार्यालयाकडे येतो ते) अंदाजाने निवडू नका, पिनकोडवरून शोधून घ्या.

‘धंद्याचं स्वरूप’ या रकान्यात, घरी तयार करून विकत असाल तर, उत्पादन आणि किरकोळ विक्री दोन्हींवर खूण करा. मालाच्या रकान्यात एचएसएन कोड लागतो: शेव-चिवड्यासारख्या नमकीनला २१०६, पापडाला १९०५, नकली दागिन्यांना ७११७. दरांचं चित्र २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललं आहे. १२ टक्क्यांचा टप्पा गेला, पाकीटबंद नमकीन ५ टक्क्यांवर आलं, आणि २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवरही ५ टक्केच आहे. जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबून दर लावू नका.

शेवटी आधार पडताळणी. नुसत्या ओटीपीवर भागलं तर उत्तम. नाहीतर ईमेलवर वेळ घेण्याची लिंक येते आणि जीएसटी सुविधा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. अपलोड केलेल्या कागदांच्या मूळ प्रती सोबत न्या. ज्यांच्याकडून व्यापाऱ्यांना फारशी विक्री होत नाही अशा छोट्या अर्जदारांसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून तीन कामाच्या दिवसांत नोंदणीची सोय आली आहे. घरगुती विक्रेता त्यात सहज बसतो. अर्जात तो पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. एरवी सात कामाचे दिवस धरा. आधार पडताळणी टाळलीत तर जागेची तपासणी आणि महिनाभर वाट.

आरईजी-०३ आलं तर घाबरू नका. ते नकारपत्र नाही, अधिकाऱ्याने काढलेली शंका असते. उत्तर सात कामाच्या दिवसांत. नाहीच दिलंत तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

तुमचा अर्ज केंद्राकडे जातो किंवा राज्याकडे. निवड तुमच्या हातात नाही. इंदुरात केंद्रीय जीएसटीचं ऑफिस माणिकबाग पॅलेसमध्ये आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून बांधून घेतलेला तो राजवाडा. तिथे जाण्याची गरज सहसा पडत नाही, पण पडलीच तर कंटाळवाण्या कामात डोळ्यांना तेवढाच विरंगुळा.

नंबर हातात आल्यावर

जीएसटीआयएन १५ खणांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, मध्य प्रदेशाला २३, पुढचे दहा म्हणजे तुमचं पॅन, शेवटच्या तिनांत क्रमांक, ‘झेड’ आणि तपासणीचं चिन्ह. नंबर आल्यावर आधी त्यातलं पॅन वाचून ताडून बघा.

बँक खातं ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, पोर्टलवर जोडायचं. धंद्याच्या जागी प्रमाणपत्र लावायचं आणि दारावर नंबराची पाटी लावायची. घरगुती धंदा असला तरी पाटी लागते. शेजाऱ्यांना समजायला नको म्हणून कपाटात ठेवलेली पाटी उपयोगाची नाही.

प्लॅटफॉर्मचा ‘आमच्या गोदामात माल ठेवा’ हा पर्याय निवडण्याआधी थांबा. गोदाम भिवंडीचं असेल तर महाराष्ट्रातही वेगळी नोंदणी लागते. पार्सल घरून पाठवा, एकच नोंदणी पुरेल.

कंपोझिशन योजनेत १ टक्का कर आणि तिमाही हिशेब एवढ्यावर भागतं, म्हणून ती मोहात पाडते. पण त्यात राज्याबाहेर विक्री चालत नाही. पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी नोंदणी घेतलीत आणि कंपोझिशनवर खूण केलीत, तर सगळा खटाटोप वाया.

प्लॅटफॉर्म पैसे कापतो ते कुठे जातात

समजा महिन्याची विक्री ६० हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी ३ हजार. प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि कुरिअर मिळून ९ हजार, त्यावर १८ टक्क्यांनी १६२० रुपये जीएसटी. नोंदणी असल्यामुळे ते १६२० वजा होतात; उरले १३८०. प्लॅटफॉर्मने ६० हजारांवर अर्धा टक्का, म्हणजे ३०० रुपये टीसीएस आधीच कापलेला आहे. तो तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या करखात्यात) येतो, पण आपणहून नाही: पोर्टलवर ‘टीडीएस-टीसीएस क्रेडिट’मध्ये जाऊन स्वीकारावा लागतो. स्वीकारलात की खिशातून १०८०. एनरोलमेंट नंबरवर असता तर कमिशनवरचे ते १६२० रुपये सरळ खर्चात गेले असते. ‘नंबर नको, कटकट नको’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आयकराचा टीडीएस वेगळा. जुन्या कायद्यात १९४-ओ कलमाखाली येत असे तो. दर ०.१ टक्का, वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर एकट्या व्यक्तीला तोही नाही. पॅन दिलंच नाही तर ५ टक्के. कापलेली रक्कम आयकर रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. छोट्या विक्रेत्याला अंदाजित उत्पन्नाची पद्धत सोयीची: ऑनलाइन आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरायचा. ७ लाखांच्या विक्रीवर ४२ हजार उत्पन्न, आणि दुसरी कमाई नसेल तर कर शून्य.

जे करनंबर नाहीत, पण लागतात

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर, विनाशुल्क. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात. पत्त्याचा शेवट सरकारी आहे का ते बघूनच पुढे जा. चालू खातं उघडताना बँक गुमास्ता (दुकानाचा परवाना) किंवा उद्यम प्रमाणपत्र मागते. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर पाकिटावर छापलाच पाहिजे. अमेरिकेतल्या भाच्याला माल विकायचा असेल तर आयईसी (आयात-निर्यात कोड) काढा. त्याचा नंबर म्हणजे तुमचं पॅनच.

रिटर्न, आणि बंद करायची वेळ आली तर

५ कोटींखाली उलाढाल असेल तर तिमाही रिटर्नची योजना घ्या: तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, मध्य प्रदेशात २२ तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी (कराच्या हिशेबाचं रिटर्न). कर मात्र पहिल्या दोन महिन्यांचाही पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा. प्लॅटफॉर्मवरची विक्री जीएसटीआर-१ च्या चौदाव्या तक्त्यातही दाखवावी लागते. प्लॅटफॉर्म तेच आकडे स्वतःकडून कळवतो, तेव्हा परत आलेला माल वजा करूनच दोन्ही जुळवा.

पावसाळ्यात विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं. शून्याचं रिटर्न राहिलं तर दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५० रुपये विलंबशुल्क. दिवाळीपुरता नंबर घेऊन विसरलेल्यांची रक्कम अशीच साचते. धंदा थांबवणार असाल तर आरईजी-१६ मध्ये रद्द करण्याचा अर्ज द्या, आणि रद्दचा आदेश आल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न भरा. उरलेल्या मालावर पूर्वी क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतलं असेल तर किमान तेवढा कर त्यात परत द्यावा लागतो, म्हणून अर्जाच्या दिवशी घरात असलेल्या पाकिटांची, डब्यांची आणि कच्च्या मालाची यादी करून तारीख घालून ठेवा.